केल्बीचा उजवा हात

१५ फेब्रुवारी

मोसमापूर्वीचा सराव कॅम्प सुरू. गेल्या मोसमात एकशे एक सामने हरलेला आमचा हेरन्स संघ ॲरिझोनाच्या उन्हात पुन्हा कोवळा होऊन हिंडतोय. जो तो संस्कृतातल्या लृट् लकारात, भविष्यकाळात बोलतो — मारू, जिंकू, पोहोचू. ऑक्टोबरात हीच मंडळी लृङ् वर येतात — तो झेल घेतला असता तर! पाठशाळेत शास्त्रीबुवांना मला हे दोन लकार शिकवायला वर्ष लागलं. बेसबॉल आठ महिन्यांत शिकवतं.

व्हर्ना कोसिक घडीची खुर्ची घेऊन कुंपणाशी हजर. एकाहत्तर वर्षांची, एकेकाळची शाळेच्या बसची ड्रायव्हर. दरवर्षी बर्फातून उठून सराव बघायला इथे येते. माझ्या व्याकरणापायी इथे सगळे मला प्रोफेसर म्हणतात, तीही.

"काय प्रोफेसर, केस संपले वाटतं?"

"संघापेक्षा बरी स्थिती आहे."

१९ फेब्रुवारी

केल्बी ट्रास्कनं आज ताशी अठ्ठ्याण्णव मैलांनी चेंडू टाकला. बावीस वर्षांचा पिचर, नेब्रास्कातल्या मक्याच्या गावचा. पाठीवर ७८ — इतका मोठा आकडा म्हणजे तुला ठेवणार नाही, याची सभ्य सूचना. मी वर्तमानपत्राला मोठा लेख पाठवला. विशेषणं सढळ हातानं वापरली. त्यांना काय तोटा आहे!

२१ फेब्रुवारी

वाचकांची दोनशे बारा पत्रं. सगळ्यांना पहिल्या सामन्यात केल्बी हवा. एकजण होणाऱ्या मुलाचं नाव केल्बी ठेवणार आहे. मुलाचा काय दोष?

२७ फेब्रुवारी

मॅनेजर डोलन रोज सकाळी रांगेनं विचारत जातो, "हात कसा आहे?" एकूण एक पिचर म्हणतो, "छान." 'छान' हे इथलं अव्यय आहे. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. अर्थही नाही.

६ मार्च

सरावानंतर लॉकरच्या खोलीत केल्बी एकटाच होता. शर्टाची बटणं डाव्या हातानं लावत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला — कुणी दुसऱ्यानं सांभाळायला दिल्यासारखा. दोन बटणं लागली, तिसरं लागेना. मग त्यानं मला पाहिलं.

"तुमचं काम लिहायचं आहे, प्रोफेसर," तो म्हणाला. "दिसलं ते लिहा."

मला वाटलं, पोरगा अंगावर येतोय. उसनं अवसान. मी म्हटलं, "काळजी सोड. मी बघतो."

त्याचे खांदे एकदम सैल पडले. तिसरं बटण मीच लावून दिलं.

७ मार्च

लिहिलं नाही. पिचरच्या हाताबद्दल तो स्वतः बोलल्याखेरीज कुणी बोलायचं नाही, हा इथला न लिहिलेला नियम. लिहिलं तर त्याची जागा गेली, आणि त्या खोलीचं दार मला बंद. यातलं कुठलं कारण आधी सुचलं, ते इथेही लिहिणार नाही.

१३ मार्च

चौऱ्याण्णव मैल.

व्हर्ना म्हणाली, "एकतीस वर्षं बस चालवली मी. आरशात बघून कळायचं, कुठलं पोर उलटी करणार आहे. या पोराचं काहीतरी बिनसलंय. तू लिहीत का नाहीस?"

मागच्या बाकावरून शेंगा सोलत एकजण ओरडला, "अगं आजीबाई, मोसमासाठी हात राखून ठेवतोय तो! तू शेंगा खा."

सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी तेच वाक्य माझ्या लेखात घातलं — 'जाणकारांच्या मते ट्रास्क हात राखून टाकतो आहे.' शेंगा खाणारा जाणकार! छापून आल्यावर मात्र वजनदार दिसतं.

२१ मार्च

केल्बी संघाच्या अंतिम सव्वीस खेळाडूंत. ७८ जाऊन ३१ आकडा मिळाला. अभिनंदन केलं, तर माझ्याकडे न बघता "थँक्यू, सर" म्हणाला. एरवी प्रोफेसर म्हणतो. मोठा झाला वाटतं लगेच.

२४ मार्च

सराव सामना, चौथा डाव. केल्बीच्या हातून चेंडू सुटला तो थेट प्रेक्षकांत गेला. केल्बीनं कोपर धरलं नाही, चेहराही वाकडा केला नाही. ग्लव्ह जमिनीवर ठेवला आणि चालत मैदानाबाहेर गेला. डोलन धावत त्याच्याकडे निघाला होता, तो अर्ध्यावरच थांबला.

व्हर्नानं खुर्ची मिटली. सामना संपायच्या आधीच निघाली.

२५ मार्च

कोपराचा अस्थिबंध पूर्ण तुटला. शस्त्रक्रिया. दीड वर्ष, किंवा मग कधीच नाही. डॉक्टर म्हणाले, मार्चच्या सुरुवातीला थांबला असता तर नुसत्या विश्रांतीवर भागलं असतं.

मी वहीत उतरवून घेतलं. स्पेलिंगसुद्धा विचारलं.

२६ मार्च

तीनशे सहा पत्रं. 'नाजूक माल.' 'फसवणूक.' 'आमच्या आजोबांच्या वेळचे पिचर...' मुलाचं नाव केल्बी ठेवणाऱ्या गृहस्थाचा विचार बदललाय. एकही पत्र माझ्याविरुद्ध नाही.

२९ मार्च

केल्बीच्या आईचा फोन. आवाज शांत. माझं चुकलं असं ती एकदाही म्हणाली नाही.

"सहा तारखेला तो फार खुशीत होता. म्हणाला, आई, प्रोफेसरांनी पाहिलं, ते लिहितील, आता मला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार नाही. रोज सकाळी आधी तुमचं पान उघडायचा. मग तुम्ही लिहिलंत, तो हात राखून टाकतोय. मी म्हटलं, अरे, पण दुखतंय ना? तर म्हणाला, असेल तसंच काहीतरी. त्यांना जास्त कळतं."