माराचा तक्ता

२ एप्रिल, गुरुवार. सायं. ७.१०
बुद्धप्रियाचा गेम बंद पडला. टीव्हीला जोडायचा तो काळा डबा. बटण दाबलं की निळा लाईट, टिक् असा आवाज, मग सगळं शांत. पोरगी रडकुंडीला आली. १२ तारखेला लातूरला मारामारीच्या गेमची स्पर्धा आहे. दीडशे जणांतून सोळा निवडले, त्यात लोह्याची ही एकटी. रोज तीन तास प्रॅक्टिस लागते. म्हणाली, पप्पा, मी हे लातूरला सुगतमामाकडं घेऊन जाते.

नाही म्हणालो. शांतपणे. सुगत माझा मेव्हणा, आयटीआय झालेला, दुकान आहे, ठीक आहे. पण या घराचा उंबरा आजवर एकाही मेकॅनिकनं ओलांडलेला नाही, आणि या घरातली एकही मशीन दुरुस्तीला बाहेर गेलेली नाही. एकवीस वर्षं. मी बारावी आर्ट्स, ऑफिसात आवक-जावक बघतो. विजेचं सगळं ज्ञान स्वतःच्या बोटांनी घेतलेलं आहे.
रविवारच्या आत चालू करून देतो, असा शब्द दिला.

७.४०. तक्ता पाहिला. फ्रिजशेजारच्या भिंतीवर मी स्वतः पट्टीनं आखून लावलेला आहे. कुठल्या मशीनला कुठं, किती आणि कसं मारायचं. टीव्ही: क्र. १, चापट, डावी बाजू, दोनदा. मिक्सर: क्र. २, बुक्की, वरून. बोअरचा स्टार्टर: क्र. ३, उजवा तळवा, मनगट सैल, मागचा उजवा कोपरा, ४५ अंश. कूलर: क्र. ४, लाथ, चप्पल घालून. मशीनला माराची भाषा कळते. माणसाला मारायची गरज नसते. मी कधी माणसावर हात उचललेला नाही. पोरीला तर बोटसुद्धा लावलं नाही.

गेमला क्र. ३ लागू केला. सहा वेळा. पोरगी शेजारी उभी राहून बघत होती. लहानपणापासून बघते. सहाव्याला निळा लाईटपण गेला. म्हणजे दोष आत आहे. प्रगती.

३ एप्रिल, शुक्रवार. सुट्टी.
स. ९.००. डबा उघडायला घेतला. स्क्रू १४. तेरा निघाले. चौदाव्याला छिन्नी लावून वरवंटा मारला. स्क्रू निघाला. डब्याचा कोपराही निघाला. माय म्हणाली, वरवंटा माझ्या सासूचा हाय, त्यानं चटणी वाटायची असती. मायचं वय ७९. तिला टेक्निकल बाजू कळत नाही.

११.२०. प्लग काढलेला होता, म्हणून पॉवर सप्लायमध्ये बिनधास्त बोट घातलं. प्लग काढल्यावरही आत करंट साठून राहतो हे कंपनीनं कुठंही ठळक लिहिलेलं नाही. मागं जाऊन कपाटावर आदळलो. कपाटाच्या दाराला पोचा, खोली १ सेंमी. माझ्या डोक्याला टेंगूळ, उंची साधारण तेवढीच.
माय म्हणाली, तू त्याला मारून राहिलास का ते तुला मारून राहिलंय?
टेंगळाला तेल लावून परत कामाला बसलो.

बोर्ड मोजला: १९ बाय २४ सेंमी, हिरवा. ओल असेल म्हणून गच्चीवर तासभर उन्हात वाळवला. मग परातीत ठेवून झाकला.

४ एप्रिल, शनिवार.
बुद्धप्रिया सकाळच्या एसटीनं लातूरला गेली. स्पर्धेपर्यंत मामाकडंच राहणार. म्हणाली, तिथं अभ्यास पण होईल. बॅग स्टँडपर्यंत मी उचलली. पाच किलो तरी असेल. ऑटोत जरा आपटली तर पोरगी दचकली. पुस्तकांची एवढी काळजी. समाधान वाटलं.

दु. ३.००. परात उघडली. बोर्ड १४ बाय १६ सेंमी. तीनदा मोजला. रंग पिवळट. कालच्या ४२ अंशात आक्रसलेला दिसतो. नोंद: बोर्ड उन्हात ठेवू नये. महामायाला दाखवला. ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. बायकोला माझे कष्ट बघवत नाहीत.

५ एप्रिल, रविवार.
आजची मुदत पाळता आली नाही, कारण बोर्ड लहान झाला. फोनवर पोरीला बुधवार सांगितला. म्हणाली, सावकाश करा पप्पा, काही घाई नाही. एवढं समजूतदार लेकरू तालुक्यात नसेल.
भिंगातून बोर्ड वाचला. एका कोपऱ्यात डीव्हीडी असं छापलेलं आहे. म्हणजे या गेममध्ये डीव्हीडीपण चालते. एवढी मोठी सोय, आणि कंपनीनं लपवली.

दु. १२.१५. सोल्डरिंगचा डाग द्यायला घेतला. गरम शिशाचा थेंब मांडीवर पडला. लुंगीला भोक. उडी मारली ती पलंगाच्या पायावर. अंगठ्याचं नख गेलं. पलंगाला बुक्की मारली. क्र. २. पलंग तक्त्यात नाही, ही चूक झाली.

७ एप्रिल, मंगळवार. सायं. ६.३०
करंट दिला. दोन सेकंद काही नाही. मग आतलं काहीतरी फुटलं. छताला काळा डाग, व्यास ९ सेंमी. उजवी भुवई निम्मी जळाली. शेजारचा मारोती गच्चीवरून म्हणाला, आनंदराज, जयंती चौदाला हाय ना, आजपासूनच फटाके? खाली तीन माणसं जमली. मी चाचणी सुरू आहे असं सांगितलं. मारोती म्हणाला, कुणाची?

८ एप्रिल, बुधवार.
मुदत. तूर्त स्थगित.

९ एप्रिल, गुरुवार.
विहारातून वंदना करून आलो. मन शांत होतं. डब्याकडं पाहिलं. मग काय झालं ते प्रामाणिकपणे लिहितो. आधी क्र. १. मग २, ३, ४. मग रबरी हातोडा. मग लोखंडी. डबा खोलीभर पळत होता आणि मी मागं. कोन, जागा, संख्या, काहीच पाळलं नाही. पद्धत राहिली नाही, नुसता राग राहिला. हाताची तीन बोटं फुटली. महामायानं हळद लावून बांधली आणि म्हणाली, अहो, द्या सोडून, कशाला खामखा जीव घालवता.
माय म्हणाली, हिंसा करणार न्हाई म्हणून शील घेऊन आलास, अन् चप्पल काढायच्या आधी सुरू.
मी म्हणालो, मशीन प्राणी नाही.
माय म्हणाली, म्हणून तर ते शहाणं हाय.

११ एप्रिल, शनिवार. दु. ४.०५
चालू झाला.
लाल लाईट. टीव्हीवर इंग्रजी अक्षरं: नो डिस्क. म्हणजे आता फक्त डिस्क मागतोय. फुटलेल्या जागी जुन्या रेडिओतला पार्ट टाकला होता, तो लागू पडला. एकवीस वर्षांचा विक्रम कायम. डोळ्यांत पाणी आलं, धुरामुळं. उद्या कुणाला न सांगता लातूरला जाऊन पोरीच्या हातात देणार.

१२ एप्रिल, रविवार. घरी. सायं. ८.००
सगळं क्रमानं लिहितो.
सकाळी सहाची बस. डबा टॉवेलात, मांडीवर. हॉलवर पोचलो तोवर बुद्धप्रियानं दोन मॅच मारल्या होत्या. दारात सुगत भेटला. टॉवेल सोडून दाखवला. त्यानं वाकून फटीतून आत बघितलं. मग हळू म्हणाला, दाजी, आत ताईचा जुना डीव्हीडी प्लेअर आहे. गेमचं आतलं सगळं पोरगी बॅगेत घेऊन आली, चार तारखेपासून माझ्याकडं आहे. पंख्यात धूळ होती, आणि मारानं एक केबल सुटलेली. दहा मिनिटांचं काम. वरचं खोकं तेवढं तुमच्याकडं ठेवावं लागलं, पोरगी आठ दिवस पुठ्ठ्यात ठेवून खेळली.
मी विचारलं, डीव्हीडी तर बारा वर्षं बंद होता ना?
म्हणाला, हाव, तुमच्याच हातानं.
म्हणजे चालू झाला तोही माझ्याच हातानं. हे त्याला बोलून दाखवलं नाही. टॉवेल परत बांधला.

१२.५०. सेमीफायनल. समोर निलंग्याचा शिवमूर्ती. बुद्धप्रियाची लाल कपड्यांतली बाई, त्याचा टकला पैलवान. पहिला डाव हिनं घेतला, जबडा फोडून. दुसऱ्यात बरगड्या, गुडघा, नाक. रक्त टीव्हीभर. पैलवानात नखाएवढा जीव उरला. पोरं टेबलं बडवत होती. एक फटका, की फायनल.
आणि मशीन अडकली. चित्र जागच्या जागी थांबलं. पंच हात वर करून म्हणाले, कुणी हात लावू नका, आम्ही सुरू करतो, डाव तिथूनच धरू.
बुद्धप्रिया उठली. मी तिचा उजवा हात पाहिला. मनगट सैल. मागचा उजवा कोपरा. पंचेचाळीस अंश, एका अंशाची चूक नाही.
टीव्ही काळा झाला. पंचांनी नियम वाचून दाखवला. मशीनला मारहाण, स्पर्धक बाद. पोरगी हाताकडं बघत उभी राहिली. मला पाहिल्यावर म्हणाली, पप्पा, मी मारलं नाही, हात गेला.
परतीच्या बसमध्ये अहमदपूर मागं पडलं. मग तिनं विचारलं, थोडं खालून लागायला पाहिजे होतं का?
उत्तर मला येत होतं. दिलं नाही.

१३ एप्रिल, सोमवार.
स. ७.३०. तक्ता उतरवला. खिळे चार. दोन निघाले, दोन भिंतीत राहिले. हातोडी घेतली, परत ठेवली.

दु. १.४०. जेवायला घरी आलो. ४३ अंश. कूलर बंद पडला. माय म्हणाली, मार की लाथ, जीव चाललाय माझा. बुद्धप्रिया दारात उभी राहून बघत होती. मी चप्पल काढून बाहेर ठेवली. सुगतला फोन केला, घरी येऊन बघशील का म्हणून विचारलं. त्यानं विचारलं, कोण, दाजीच ना? मग म्हणाला, उद्या जयंती आहे दाजी, परवा येतो.
तोवर तक्त्याच्या पुठ्ठ्यानं मायला वारा घालतोय. डावीकडून उजवीकडं. मनगट सैल.