कुआला कांगसारचा दगडी किल्ला

सणसर, रविवार संध्याकाळ

तात्यांवरचा राग अजून उतरत नाही. माझे हे चुलते ऊसवाल्यांच्या सहलीबरोबर मलेशियाला जाऊन आले, म्हणून आज देवळापुढे सत्कार झाला. तिथल्या कुआला कांगसार या राजनगरीची माहिती मी सांगायची, असं ठरलं होतं. आठवडाभर वाचून चार पानं लिहिली होती. सुलतानाचा लाकडी राजवाडा, भिंती विणलेल्या बांबूच्या, खिळा एकही नाही.

माईक तात्यांनीच धरला. "दगडी किल्ला हाय तितं! आपल्याच राजानं बांधलेला!"

टाळ्या. बांबूचा दगड झाला! मग उठलेच. "तात्या, भिंती बांबूच्या आहेत. मलय सुतारांनी बांधलाय तो."

"तू गेलतीस व्हय बघायला?"

सगळे हसले. काकूने औक्षणाचं ताट हातात दिलं. "शिकलेली हाईस, तूच ओवाळ."

ताट तिथेच ठेवून निघून आले. आई म्हणते, माफी माग. कशाची? विणलेला बांबू खरा आहे म्हणून?

उद्या शाळेत मुलांपुढे तात्यांचं तेच भाषण आहे. आधी खरं काय ते तपासा, म्हणून हेडसरांना फोन केला. म्हणाले, घरातलं भांडण घरात मिटवा.

नाही मिटवणार. माझी चार पानं घेऊन मुलांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसणार आहे.