जिन्यावरची किंकाळी

आई,

गेल्या रविवारी दुपारी कलकत्त्यात, सॉल्ट लेकमध्ये, तू किंचाळलीस असं मला वाटलं. अजूनही वाटतंय. जेवणं झालेली, पंखे गरगरतायत, तुझ्या नातीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पोरंपोरी सतरंजीवर पसरलेली, आणि पडद्यावर गुलाबी गाउनमधली एक नटी हातात मेणबत्ती घेऊन जिना चढतेय. वरच्या पायरीवर केसाळ हात दिसतो, नटी तोंड उघडते, आणि माझ्या दोन्ही स्पीकरमधून तू.

नीट सांगतो, कारण ही नात तू पाहिलेलीच नाहीस. सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत असते, मराठी बोलते, पण 'मला भूक लागला' छापाचं. तिला आणि तिच्या ऑफिसातल्या मंडळींना जुने, स्वस्तातले भूतपट बघायचं वेड आहे. पहिल्यांदा तिनं मला बोलावलं ते बाप म्हणून नव्हे, बेहाल्यात स्पीकर भाड्यानं देणारा माइकवाला म्हणून. "बाबा, तुझे दोन बॉक्स आण ना, आमचा आवाज डबड्यातून आल्यासारखा येतो." बॉक्स लावून निघणार होतो, जरा बसलो, आणि बसलो तो बसलोच. आता महिन्यातून एका रविवारी मी तिथे असतो. मला खुर्ची देतात, बाकीचे खाली.

तुला खरं सांगू, या सिनेमांवर माझा जीव जडलाय. नायक भिंतीला टेकला की भिंत हलते. धुकं उदाचं असतं, त्यामुळे ऐन भीतीच्या प्रसंगाला नायकाला खोकला येतो आणि तो खोकला तसाच ठेवलेला असतो. वटवाघळाची दोरी दिसते. सैतान पाठमोरा झाला की पाठीवरची चेन दिसते. पोरं हसून लोळतात. मी डोळे मिटून ऐकतो, आणि मला त्याहून जास्त मजा येते. तळघराचं दार, देवळाचं दार, शवपेटीचं झाकण, सगळ्यांची करकर एकच, आणि ती दाराची नाहीच, कुणीतरी खाटेवर कूस बदलतंय. पाऊस म्हणून जो कोसळतो तो पाऊस नसून कढईत भजी तळतायत. सुरुवातीला मीही हसायचो. मग आठवलं की फाटक्या स्पीकरला पतंगाचा कागद चिकटवून मी अख्खी दुर्गापूजा काढलेली आहे, आणि कुणाला कळलं नव्हतं. ज्याच्यापाशी काही नाही आणि तरी जो चारशे माणसांना घाबरवायला निघालाय, तो माझ्या जातीचा माणूस.

तर ती किंकाळी. किंकाळी मी तुझी ओळखणार कशी? तुझी किंकाळी मी कधी ऐकलेलीच नाही. बालीगंजच्या बँकेच्या क्वार्टरमध्ये आपलं घर वर आणि मी खाली खेळतोय, तर हाक मारण्याऐवजी तू गॅलरीच्या गजावर उलथनं वाजवायचीस. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "हिला देवानं आवाज दिलाच नाही, नुसती भांडी दिलीत." तू हसायचीस, तेही आवाज न करता. मी ओळखला तो श्वास. किंकाळीच्या आधी एक श्वास आहे. नटीचं तोंड त्या वेळी अजून मिटलेलं आहे, म्हणजे तो तिचा नाही. आवाज बसवणाऱ्यानं तो कापायला हवा होता, आळसानं राहून गेला. तो श्वास दोन तुकड्यांत येतो. आधी थोडासा, मग अडखळून उरलेला, सुईत दोरा दुसऱ्या खेपेला जावा तसा.

दिवाळीच्या आधीची दुपार आहे. तू चकल्या तळतेस, मी सोऱ्या धरून दाबतोय, तोंडानं बडबड चालू. चकली कढईत पडते आणि तेल उडतं ते थेट तुझ्या मनगटावर. तू श्वास ओढतेस, दोन तुकड्यांत. मी थांबतो, आता काहीतरी येणार म्हणून. काहीच येत नाही. "गॅस बंद कर," तू म्हणतेस, "आणि ती चकली काढ आधी, करपेल." मनगटावरचा तो डाग तुझ्या शेवटच्या आजारपणापर्यंत होता. त्या आजारपणातही श्वास तेवढाच, पुढचं काही नाही. म्हणून परवा हॉलमध्ये तो श्वास ऐकल्यावर मी सवयीनं वाट बघितली की आता काही येणार नाही. आणि आलं.

मी बसल्या जागी गोठलो असं नाही, तसं मला जमत नाही. लेकीला म्हणालो, "जरा मागे घे गं." तिनं घेतलं. पुन्हा म्हणालो, मागे घे. पोरांना वाटलं काका रंगात आले. एक जण म्हणाला, "काकू, दॅट्स इट, काकू!" बंगाली पोरं वडीलधाऱ्या पुरुषालाही काकूच म्हणतात, त्याची मला सवय आहे, पण त्या क्षणी तो कुणाला हाक मारतोय हेच कळेना.

मग मी जोडत बसलो. धंद्यातला माणूस आहे, सुटे तुकडे दिसले की जोडतो. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक असायचं. एका वर्षी मला गालगुंड झालं म्हणून मी घरी होतो. पडद्यामागून एक किंकाळी हवी होती आणि साहेबांच्या बायकांपैकी कुणी तयार होईना, शोभत नाही म्हणून. पुढे कितीतरी वर्षांनी एक काकू हळदीकुंकवाला मला म्हणाल्या होत्या, "शेवटी तुझ्या आईनं मारली रे! पहिल्या रांगेतल्या मॅनेजरसाहेबांचा चहा मांडीवर सांडला." मला ते खोटं वाटलं होतं, त्या काकू तशाही तिखटमीठ लावून सांगायच्या. त्या नाटकाचा माइक लावायला बेहाल्याचा एक बंगाली माणूस यायचा. दिवसा तो टॉलीगंजच्या एका लहानशा स्टुडिओत सिनेमांचे आवाज बसवायचा. दक्षिणेतले भूतपट तिथे हिंदीत आणायचे, स्वस्तात. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुझा घसा बसला होता. वैशाखातल्या कलकत्त्यात, घामानं पदर भिजलेला, आणि तू गरम पाण्यात हळद घालून घोट घोट पितेस. "थंडी बाधली," तू म्हणालीस. बाबा पेपरामागून म्हणाले, "कुठली थंडी?" तू उत्तर दिलं नाहीस. आवाजच नव्हता.

आणि मग तो माइक. कॉलेज सोडून मी घरात बसलो होतो. "बँकेतल्या माणसाचा मुलगा कर्णे भाड्यानं देणार?" यावर बाबांशी रोज वाजत होतं. तांदळाच्या डब्यामागून तू जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलंस आणि माझ्या मांडीवर ठेवलंस. जड, चंदेरी तोंडाचा माइक. "मंडळानं नवा घेतला," तू कुजबुजलीस, "हा टाकून देत होते." मी लगेच तारा शोधायला पळालो. इतका तल्लख समजतो मी स्वतःला, आणि हे माझ्या डोक्यात परवा आलं की मंडळाकडे स्वतःचा माइक कधी नव्हताच. दर वर्षी भाड्यानं आणायचे. पुढची कित्येक वर्षं माझ्याकडूनच.

तो माइक दुकानात काचेच्या पेटीत आहे. गिऱ्हाईक आलं की मी दाखवतो. "या एकावर सुरुवात केली. कुणाचा आधार नाही, कुणाची चिठ्ठी नाही." लोक मान डोलावतात. हे मी इतक्यांदा सांगितलंय की ते खरं असायलाच हवं.

तू एकदा स्वतःहून सिनेमाला जाऊ म्हणाली होतीस, तेही आता छळतंय. बाबा बँकेत. बेहाल्याच्या थेटरात दुपारचा खेळ. पोस्टरवर कवटी बघून मी म्हणालो, "आई, हा?" तू म्हणालीस, "हाच." आत अर्धे लोक झोपायला आलेले, अर्धे शिट्ट्या मारायला. रबरी हात आला तशी सगळी जनता उसळली आणि मीही त्यात, पोट धरून. पडद्यावर कोण ओरडलं, ओरडलं का, काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. वळून बघितलं तर तुझ्या तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. मला वाटलं घाबरलीस. बाहेर आल्यावर मी त्या हाताची नक्कल करून दाखवत होतो, तेव्हा तू रस्त्यातच थांबून म्हणालीस, "हसू नकोस रे. कुणीतरी मन लावून घाबरलंय त्यात." एवढं ठणकावून तू मला कधी बोलली नव्हतीस. मग ठेल्यावरची झालमुडी खायला घेऊन दिलीस आणि विषय संपवलास. तोच सिनेमा होता का? जिना होता, पण जिना सगळ्यांतच असतो. आणि पदर तू भीतीनं कोंबला होतास, की हसू दाबायला, की आणखी कशानं, हे मला आता ठरवता येत नाही. रोज वेगळं वाटतं.

गोंधळ इथे थांबत नाही. लेक म्हणाली, "बाबा, हे लोक एकच किंकाळी सगळीकडे लावत होते, स्वस्त पडतं ना." म्हणून मी घरी बसून बाकीचे बघायला लागलो. दोन सिनेमांत सापडलीस. एकात दलदलीत बुडताना, एकात न्हाणीघरात, दोन्हीकडे तोच श्वास चिकटलेला. तिसऱ्यात तर हडळीचा जो घोगरा हंबरडा आहे, तो माझ्या कानाला वेग कमी करून लावलेली तूच वाटलीस. म्हणजे पळणारी तू आणि पाठलाग करणारीही तू. तुझी सून दारातून म्हणाली, "अहो, दुसरं काही नाही का हो लावायला? शेजारचे विचारतात तुमच्याकडे काय चाललंय." तिला काय सांगू, सासूबाई आहेत म्हणून?

शेवटी नाटकाला माइक लावणाऱ्या त्या बंगाली दादांकडे गेलो. आहेत अजून, बेहाल्यातच, दुकानापासून दोन गल्ल्या आत. कानाला यंत्र लावतात. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लाव म्हणाले, आणि मग पोराचा निकाल लागल्यासारखे हसले. बंगालीत म्हणाले, "ही काही नटी नव्हे. ही बौदी. घरातली वहिनी."

"कुठली बौदी?"

"ते कसं सांगू? सगळ्या बौदीच होत्या. नट्या गोड ओरडायच्या, कामाच्या नव्हत्या. मी शेजारपाजारच्या वहिनींना न्यायचो दुपारी, घरची कामं उरकल्यावर. भल्या घरच्या बायका उत्तम किंचाळतात बाबा. साठलेलं असतं."

"एक मराठी बौदी होत्या. बालीगंजच्या. आठवतात?"

त्यांनी कानातलं यंत्र चाचपून नीट बसवलं. मग चेहरा उजळला. "साबू! एकदा मला साबुदाण्याचं काहीतरी खायला घातलं, दाणे घालून. आमच्यात साबू आजाऱ्याला देतात, मी म्हटलं घरात कोण आजारी आहे? तर म्हणाल्या, उपास आहे. झकास होतं!"

"त्या आल्या होत्या स्टुडिओत?"

"तेच म्हणतोय ना, झकास होतं."

"आणि माइक? त्यांना माइक दिला होता तुम्ही?"

"स्टुडिओ कुणाला वेळेवर पैसे देतोय! मी आपला हाताला लागेल ते द्यायचो. कुणाला माइक, कुणाला छत्री." मग माझ्याकडे रोखून म्हणाले, "तुझी कोण ती?" मी म्हणालो, "ओळखीच्या." का म्हणालो, माहीत नाही.

उठताना विचारलं, इतकं खरं ओरडायला तुम्ही त्यांना काय सांगायचा? म्हणाले, "काही नाही. दिवा घालवायचो आणि म्हणायचो, इथून बाहेर काही ऐकू जात नाही."

आई, मला नक्की काय हवंय ते मला कळत नाही. ती तूच असशील तर एका माइकवर मी उभा राहिलो ही गोष्ट मला नव्यानं सांगावी लागेल, आणि ती मी सांगेन, त्याची मला लाज नाही. पण मग विचारावं लागेल की अंधारात तुला काय दिसलं होतं. किंकाळी खोटी नाही. माझे कान खोटं पकडण्यातच म्हातारे झालेत. आपल्या घरात, चकल्या, गणपती, बाबांचा पेपर, माझी बडबड, या सगळ्यात असं काय होतं की ते बाहेर काढायला टॉलीगंजला जावं लागलं? की काही नव्हतंच, तुला नुसती मजा आली? तेही असेल. तू हसायचीसही तशीच, बिनआवाजाची.

लेक म्हणते आता कॉम्प्युटरवर आवाज जुळवून बघता येतो, अर्ध्या तासात कळेल. "आजीचं काही रेकॉर्डिंग आहे का रे?" मी नाही म्हणालो. आहे. तो माइक चालतो का बघायला मी पहिल्यांदा टेप केली ती तुलाच. "काय बोलू?" असं तू विचारतेस, आणि त्याच्या आधी श्वास घेतेस का, ते मला आठवत नाही. कॅसेट दुकानाच्या खणात आहे, चांगल्या अवस्थेत, वाजवायचं यंत्रही आहे. हात जात नाही. कारण जिन्यावरची ती तू नसलीस, तर मग तू आयुष्यात एकदाही ओरडली नाहीस, असं होईल.