तरंगपुढचं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर, सोमवार

कट्टा गावात नोकरीला आलो. वर्कशॉप बाजारपेठेच्या जरा बाहेर, मालवणच्या रस्त्याला. मागे फणस, फणसाच्या सावलीत माझी खोली. खोलीला खिडकी आहे, पंखा आहे, आणि बाबांचा आवाज इन्सुलीहून इथवर पोचत नाही. अजून काय पाहिजे माणसाला?

मालक विश्रामदादा. पोट पुढे, चष्मा कपाळावर. कॉलेज का सोडलंस विचारलं. खरं सांगितलं की एकाच्या कानाखाली वाजवली, मग माफी मागायला सांगितली, ती मागितली नाही. दादा हसला. "हय गिऱ्हायक रोज शिव्यो घालतला. तेव्हा हात खिशात ठेवूचो. जमतला?" जमतला म्हटलं.

काम झकास आहे. 'तरंग' नावाच्या गाडीचा कंपनीने रिकॉल काढलाय. कंपनीच्या कागदावर 'रिकॉल' शब्द कुठे नाही, 'सुरक्षा मोहीम' म्हणायचं. ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटखाली एक पातळ सेन्सर असतो, वर्कशॉपात त्याला चटई म्हणतात. सीटवर माणूस बसलंय की नाही ते चटई ओळखते. या गाड्यांतली चटई बिघडलीय. रिकाम्या सीटवर कोणीतरी आहे असं समजते आणि बेल्ट लावा, बेल्ट लावा म्हणून टिंगटिंग करत राहते. लोक गाड्या घेऊन येत नाहीत, म्हणून मी वर्कशॉपची तरंग घेऊन त्यांच्या दारात जायचं आणि नवी चटई टाकायची. दिवसभर गाडी माझ्या ताब्यात. समुद्र डाव्या हाताला. पगारसुद्धा देणार म्हणतात!

वही एवढ्यासाठी की जिला हे सगळं सांगितलं असतं तिने माझा नंबर ब्लॉक केलाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हात बसला. सीटचे बोल्ट ढिले करायचे, जुनी चटई काढायची, नवी टाकायची, मग स्कॅनर लावून बघायचं. स्कॅनरवर तीनच गोष्टी येतात: रिकामी, लहान मूल, मोठी व्यक्ती. मी बसलो की मोठी व्यक्ती, उठलो की रिकामी. संपलं काम.

आज मसुऱ्याच्या शुभदाबाई म्हणाल्या, आवाजाचा कंटाळा आला की त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकतात. सगळेच लावतात. शेजारीण विचारते, गो शुभदा, कोणाक बांधून नेतंस?

नावाची गंमत म्हणजे, कंपनीला 'तरंग' म्हणजे पाण्यावरची लाट वाटली असणार. आमच्याकडे तरंग म्हणजे देव. साडी नेसवलेला खांब, दसऱ्याला देवळातून बाहेर निघतो. त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मनातलं मोठ्याने मागायचं, आणि उभे असतील त्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यामुळे इथे कोणी गाडीची तक्रार करत नाही. फोनवर सांगतात, गाडयेचा गाऱ्हाणा आसा.

माझंही एक आहे. रसिकाचं. ती पास होऊन पुण्याला नोकरीला लागली. शेवटची भेट सावंतवाडीला, तळ्याकाठच्या हॉटेलात. ती म्हणाली, तुझ्या रागाशी संसार होणार नाही माझ्याने. बोलली ते मी केव्हाच गिळलं. पण अर्धा चहा तसाच ठेवून ती उठली आणि गेली. ते उठणं डोळ्यांपुढून हलत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मिठबावला दाजींकडे गेलो होतो. दाजी जन्मभर बोटीवर होते. मुलगा मुंबईत. बायको काशीबाई गेल्या चैत्रात गेल्या. गाडी मुलाने त्यांनाच देवगडच्या डॉक्टरकडे न्यायला घेतली होती. मी पाना काढून सीटकडे वळलो, तर दाजींनी मनगट धरलं.

"तुझी चटई नको माका. ती बसलेली आसा."

आधी हसू आलं, मग डोकं सटकलं. या चटईची दुसरी खोड वाईट आहे. कधीकधी खरं माणूस बसलेलं असूनही ती रिकामी दाखवते, आणि मग अपघातात एअरबॅग उघडत नाही. हे मी मोठ्या आवाजात समजावलं. दाजी भांडले नाहीत. गाडीत बसले, चावी फिरवली. रिकामी सीट वाजायला लागली. त्यांनी वाकून बेल्ट ओढला आणि हलक्या हाताने लावला.

"गप रव गो, लावलंय."

आवाज थांबला. माझा पण.

मग ओटीवर बसून त्यांनी सांगितलं की काशीबाईंच्या तेराव्यानंतर त्यांनी बॉनेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गाडी असली तरी नाव तरंगाचं, ऐकेल असं वाटलं. एवढंच मागितलं की एकदा तिला बाजूला बसव, किनाऱ्याने फिरवून आणतो. तेव्हापासून सीट वाजते. कंपनीला काय सांगायचं ते तू सांग, म्हणाले, आणि जाताना नारळ दिला.

आचऱ्याच्या खाडीजवळ गाडी थांबवली. ऊन डोक्यावर. नारळ बॉनेटवर ठेवला. थट्टा म्हणून ठेवला असं लिहिणार होतो, पण या वहीत तरी खोटं कशाला? रडत होतो मी. म्हटलं, "बा म्हाराजा, रसिकाक माझ्या बाजूक आणून बसव. तिना परत कधी उठान जावचा नाय."

व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं. मीच म्हटलं. गाडीची चारही दारं एकदम खट् करून लॉक झाली. किल्ली माझ्या खिशात होती, बटण दाबलं गेलं असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वाजली! वर्कशॉपची ही गाडी, हिची चटई मीच बदलली होती. चौके गावाच्या चढावर टिंगटिंग सुरू. गाडी बाजूला घेतली, सीटवर काही नाही. पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. स्कॅनर लावला. रिकामी. लहान मूल. रिकामी. लहान मूल.

बेल्ट लावला.  म्हटलं, रसिका, इलंस?

१९ नोव्हेंबर, बुधवार

माझ्यासारखा सुखी माणूस तालुक्यात नसेल. सकाळी चावी फिरवतो, ती वाजते, मी बेल्ट लावतो, आम्ही निघतो. वळणं आली की तिच्या बाजूची काच दोन बोटं खाली येते. रसिकाला गाडी लागते, तिला वारा लागतो. म्हणून मी सावकाश चालवतो. आज कट्ट्याच्या नाक्यावर रिक्षावाल्याने आडवी घातली. मी शिवी दिली नाही. हात दाखवून त्याला जायला दिलं. तो घाबरला असेल.

विश्रामदादाने बघितलं. म्हणाला, "बाजूक चेडू बसलला आसा काय रे? एवढो सुधारलस कसो?"

चेडू म्हणजे मुलगी. हसलो फक्त. स्कॅनरवर आता लहान मूल कायम दिसतं. मागेपुढे होत नाही. तिला बरेच दिवसांचं सांगायचं राहिलं होतं ते सगळं सांगतो. बाबांचं, कॉलेजचं, त्या माफीचं. ती उठून जात नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सारिकाला मेसेज केला. सारिका म्हणजे रसिकाची बहीण, तिचं मला ब्लॉक करायचं राहिलं होतं. रसिका बरी आहे ना, एवढंच विचारलं. खरं तर मला सांगायचं होतं की मी बदललोय.

तिचा फोन आला. ती पुण्यात, हॉस्पिटलात. रसिका ऑफिसात जेवायला बसली आणि खुर्चीवरून उठलीच नाही. पाय हलेनात. खुर्चीसकट उचलून खाली आणली. सगळ्या तपासण्या झाल्या, मेंदू बघितला, पाठ बघितली, डॉक्टरांना काही सापडत नाही. खाते, तरी रोज हलकी होत चाललीय. सारिका म्हणाली, आता मी एकटी तिला कुशीवर वळवते, जोर लागत नाही.

कधीपासून, विचारलं.

अकरा तारखेपासून. दुपारी.

मी फोन ठेवला. वहीची पानं मागे उलटली. अकरा तारीख, आचऱ्याची खाडी, नारळ.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नवी चटई टाकली. वाजते. ती काढून दुसरी टाकली. वाजते. वायर तोडली. वायर तोडली तरी वाजते.

मग सीटच काढायला घेतली. तीन बोल्ट निघाले, चौथा ढिला केला आणि सारिकाचा फोन. रसिकाला धाप लागलीय, ओढून काढतंय कोणीतरी म्हणून ओरडतेय, निहार, तू काय ते तिच्याशी एकदा बोल, तुझं नाव घेतेय—

चारही बोल्ट आवळले. हाताने, मग पान्याने, मग अजून. फोन चालू होता. धाप बसत गेली. पाना सोडला नाही मी. 

विश्रामदादाने पाना काढून घेतला हातातून. म्हणाला, झिला, घराक जा चार दिवस. कंपनीचा माणूस परवा येऊन गाडी घेऊन जाणार आहे, अख्खी सीट बदलायला.

अख्खी सीट.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पहाटेच गाडी काढली, कोणाला न विचारता. मिठबाव.

दाजी जाळं पसरत होते. गाऱ्हाणं काय घातलंस, शब्दन् शब्द सांग म्हणाले. सांगितलं. दाजी खाली बसले.

"माझी गेलेली होती रे. जिवंत माणसाचा गाऱ्हाणा असा घालतत?"

म्हणाले, गाऱ्हाण्यात मुदत सांगायची असते. काही चुकलंमाकलं तर पदरात घे म्हणायचं असतं. तू रागाने मागितलंस. देव शब्दाला जागला.

मोडता येईल का, विचारलं. दाजींनी जाळं गुंडाळून ठेवलं. मग म्हणाले, घातलं त्यानेच परत घ्यायचं. पण—

"जागा रिकामी रवत नाय. तिका उठव, पण बसतलो कोण, ता सांगूक व्हया."

त्यांनी स्वतःच्या गाडीकडे बघितलं. माझ्याकडे नाही. घरी जा म्हणाले. दोन वेळा म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दाजींच्या ओटीवरच राहिलो. विश्रामदादाचे फोन. उचलत नाही.

सकाळी स्कॅनर— लहान मूल. मोठी व्यक्ती. लहान मूल. मोठी व्यक्ती.

सारिका म्हणते, श्वास कमी होतोय. असाच राहिला तर उद्या आयसीयू. आई आलीय. आई रसिकाचा हात सोडत नाही.

गाडीत बसलो. सॉरी म्हटलं. रसिका, सॉरी, सॉरी— आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. काच खाली आली. दोन बोटं. नंतर पूर्ण.

दुपारी. मोठी व्यक्ती. आता बदलत नाही.

हवी होती तिथे बसलीय ती. एवढी जवळ की हात— आणि मला एकच पाहिजे, तिने उठावं. दार आपटून जावं. मागे वळून बघू नये. त्या तळ्याकाठच्या हॉटेलातून उठली तशी, अर्धा चहा टाकून, चपला वाजवत—

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

किनाऱ्यावर. सुरूच्या झाडांत गाडी. ऊन आहे.

नारळ ठेवला. दाजी मागे उभे. या वेळी सावकाश म्हटलं. रसिकाक उठव. तिच्या जाग्यार मी बसतंय. चुकला असात ता माझा, तिका लावू नको.

दाजी मागून व्हय म्हाराजा म्हणाले.

डाव्या बाजूने आत बसलो. सीट गरम होती. वही मांडीवर.

फोन. सारिका. नुसती रडतेय. मग— उठली. आपली आपण. पलंगाची कड धरून, मग भिंत धरून, दारापर्यंत. डॉक्टर धावले. आईने मिठी मारली तर म्हणते भूक लागलीय.

मग ती. तिचा आवाज.

म्हणाली, सगळे दिवस गाडीत असल्यासारखं वाटत होतं. माड मागे जातायत, तू चालवतोयस. "तू कोणाक वरडत नाय होतंस, निहार. पैल्यांदा."



म्हणाली, इथून सोडलं की पहिली एसटी धरून येते. आईला सांगितलंय. "स्टँडवर येशील ना माका न्येवक?"

येतंय म्हटलं.

नक्की?

नक्की.

तिने फोन ठेवला. हसत ठेवला.

दाजी वाळूत बसलेत, माझ्याकडे पाठ करून. हाक मारणार नाही. जड वाटतंय फक्त. बसून बसून होतं असं. मांडीला चिमटा— नाही. परत. लागला असेल, कळलं नसेल.

ती येणार आहे. सावंतवाडीच्या स्टँडवर उभी राहील, बॅग पायाशी, इकडेतिकडे बघत. दाढी करायला पाहिजे. शर्ट इस्त्री

उठतो आता. दार उघडंच आहे. आधी डावा पाय खाली घ्यायचा. घेतो. हाताने उचलून घेतो. रसिका, मी येतोय, उठलोच बघ, मी उठ