मागच्या चाकाचं माप

ता. ४ मार्च

तू पाठवलेलं खोकं मिळालं, पण आतला माल कुठल्या गाडीचा आहे ते देव जाणे, आपल्या पिकअपचा नाही. पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड बसले. मागच्या चाकांच्या ड्रमला आतून धरणारे लायनर मात्र एवढेसे, जसं काही मोठ्या माणसाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं. ड्रम गरागरा फिरतोय, धरायचं नाव नाही. मिस्त्री मलाच म्हणतो, आजी, गाडी कुठली ते नीट कळवलं होतं ना? मी म्हटलं, तीस वर्षं दारात उभी आहे, आता काय तिच्याकडून अर्ज लिहून घेऊ?

असो. चिरंजीवास आणि सूनबाईस आईचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी धडधाकट. तुझी लेक ठमी रोज दुधाचे कॅन गाडीत घालून उतारावरून खाली जायची, आणि उतार जिथे संपतो तिथे शाळेचं फाटक आहे, हे तुला सांगायला नको. ब्रेक दोनदा दाबावा लागतो, असं ती एकदा हसत म्हणाली. मला नाही हसू आलं. किल्ली माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. तेव्हापासून पोरगी हातगाडीवरून कॅन ओढते आणि माझ्याशी बोलत नाही. बोलेना तर बोलेना, जिवंत आहे.

बरोबर माल लवकर पाठव. बाकी माया आहे तेवढीच आहे.

आई

ता. ११ मार्च

ती. आईस शि. सा. न.

पत्र तुझी सून लिहिते आहे, मी शेजारी बसून सांगतो आहे. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे.

दुकानदाराने गाडीचा नंबर, साल सगळं वहीत ताडून पाहिलं. म्हणाला, माल बरोबरच आहे, तुमचा मिस्त्रीच उलटा बसवत असेल. मी आवाज चढवल्यावर म्हणाला, त्याच साली मधेच मॉडेल बदललं होतं, तर हा दुसरा जोड नेऊन बघा. तो सोबत पाठवतो आहे. तिसरा प्रकार वहीत नाही म्हणतो. मला तर पॅड कुठे संपतात आणि लायनर कुठे सुरू होतात हेच कळेनासं झालंय.

ठमीला किल्ली देऊ नकोस, पण तिच्याशी जरा गोडीने वाग. तुझा लोभ ओरडून का होईना, चालू असू दे.

तुझा

ता. १९ मार्च

गोडीने वाग म्हणे. आधी तुझ्या त्या वहीला सांग गोडीने वागायला. दुसऱ्या जोडाची तर भोकंसुद्धा जुळत नाहीत.

तुम्हा उभयतांना आशीर्वाद. शेवटी मीच बादली पालथी घालून चाकाशी बसले. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण शिंप्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून इतकी वर्षं घरातले कपडे मीच बेतते आहे ना? तसंच केलं. जुना लायनर वर्तमानपत्रावर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, रेघेवर कागद कात्रीने कापला. लायनर झिजलेला आहे म्हणून जिथे घासतो त्या कडेला अर्धं बोट जास्त सोडलं. ड्रमच्या आतून सुतळी फिरवून माप आलं तिथे गाठ मारली. कागद आणि सुतळी दोन्ही सोबत आहेत. दुकानदाराला म्हणावं, वही मीट आणि कागद मालावर ठेवून बघ.

आणखी एक. रॉकेलच्या फडक्याने ड्रम पुसला तर वंगणाखालून निळा रंग निघाला. मागची दोन चाकं जोडणाऱ्या धुऱ्यालाही निळाच. आपली गाडी अंगभर हिरवी. तुझे बाबा होते तोवर परक्या हाताने या गाडीचा नट फिरला नाही. मग हा निळा कुठून आला? मिस्त्री, ठमी आणि मी तिघं बघत बसलो. ठमी पंधरा दिवसांनी तोंड उघडून बोलली ते हेच, की आजी, ही गाडी आपलीच आहे ना? मी फडकं पुन्हा रॉकेलमध्ये बुडवून घासलं, तर निळा आणखीच निघाला.

आई

ता. २७ मार्च

ती. आईस शि. सा. न.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे.

दुकानदाराने तुझा कागद मालावर ठेवला, हसला, आणि मागच्या फळीवरून हा जोड घेऊन आला. म्हणाला, मागचा धुरा तुमच्या गाडीचा नाहीच, मोठ्या टेम्पोचा आहे.

मग मला आठवलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. न विचारता गाडी नेली आणि त्याच उतारावर, शाळेच्या फाटकाशी, मागचं चाक गटारात घातलं. शाळेला सुट्टी होती म्हणून बरं. धुरा वाकला. बाबा तुला म्हणाले की गाडी सर्व्हिसिंगला ठेवली आहे. मला म्हणाले की ठोकून सरळ केला. आठ दिवस ते भंगारवाल्याच्या अंगणात होते, आणि तिथे एक मोडका निळा टेम्पो पडलेला होता. या दोन गोष्टींचा संबंध मी कधी लावून पाहिला नाही. बाबा म्हणाले होते, आईला कळलं तर तुला जन्मात किल्ली मिळायची नाही.

रागाव, पण पत्र टाक.

तुझा अपराधी

ता. ५ एप्रिल

चिरंजीवास आशीर्वाद. अपराधी वगैरे लिहायची गरज नव्हती, अक्षरावरून कळत होतं.

लायनर चपखल बसले. मिस्त्रीने आधी रिकामी गाडी उतरवून पाहिली. मग कॅन भरून ठमीने उतरवली, शेजारी मी बसले. खाली आल्यावर थांब म्हटलं. एकदाच दाबला. फाटकाच्या चार हात अलीकडे थांबली. किल्ली तिच्याकडेच राहू दिली.

आता माझं ऐक. त्या आठ दिवसांत तू लंगडत होतास. चिखलात घसरलो म्हणालास. मला वाटलं, शिंप्याच्या पोरीमागे फिरत होतास म्हणून तिच्या भावांनी बदडलं. सत्तावीस वर्षं मी त्या शिंप्याच्या दुकानाची पायरी चढले नाही. रस्त्यात दिसला तर मान फिरवली. कात्री हातात धरायला शिकले ती त्याच्यामुळे, आणि तुझ्या धुऱ्याचं माप निघालं ते त्या कात्रीमुळे. तुझे बाबा मात्र रोज त्याच्याशी गप्पा मारायचे, आणि मी त्यांना बेशरम म्हणायचे. आज सकाळी त्याच्या दुकानात गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून एक उशीचा अभ्रा शिवायला टाकला.

तुझं पत्र गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं आहे. पुढे ब्रेक घ्यायला जाईल त्याने आधी ते वाचावं.

गाडीत अजून काय काय दुसऱ्याचं आहे, आणि घरात अजून काय काय मला माहीत नाही, ते सगळं उलट टपाली कळव. तूच लिही. सूनबाईच्या अक्षरात आलं तर न फोडता परत पाठवीन.

आई