पहिला थेंब

तीर्थरूप अण्णा,
तुमच्या पाया पडून सृष्टी लिहिते. मी गोव्यात बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? उसाला तोड आली का?

फोनवर सांगायला धीर झाला नाही. तुम्हाला सांगितलं तशी मी हॉटेलात रिसेप्शनला नाही, तिथल्या बारमध्ये आहे. जुन्या काळातली पेयं पुन्हा बनवायची, मळीपासून रम कशी निघाली ते गिऱ्हाइकांना सांगायचं, हे माझं काम. गरम पाणी, गूळ, लिंबू घातलेली तुमची रम इथं लय चालते.

काल एका म्हाताऱ्या पाहुण्यांना ती दिली. देताना सवयीनं चमच्यातला पहिला थेंब खाली टाकला. लढाईतून परत न आलेल्या जोडीदाराच्या नावानं तुम्ही टाकता, तसा.

ते ताडकन उठले. "पोरी, आमच्या पलटणीत ह्यो थेंब फकस्त कुंडलचा मानसिंग टाकायचा. तू त्याची लेक व्हय?"

गावात कळेल या भीतीनं मी म्हटलं, "कोण मानसिंग?"

"चुकलं माझं, मॅडम," म्हणून ते खाली बसले. अण्णा, मला मान वर करवेना.

ते कराडचे निकम; जाताना माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून गेले. तुम्हाला फोन करून विचारतीलच. तुम्ही मात्र "कोण सृष्टी?" म्हणू नका.

तुमचीच,
सृष्टी