शाळा सुटण्याचं कारण

३ फेब्रुवारी २००१, शिरूर

रुपालीच्या दारात मांडव दिसला, तिथंच माझं सगळं फिरलं. दोन वर्षं झाली. त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं — एस.वाय. अर्धं टाकून. आता प्रेमाबाईंच्या कॅसेटी ऐकतो नि कागदावर उतरवतो.

बाई मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या. पुण्याच्या एका संस्थेसाठी गावोगाव बायकांना विचारतात — शाळा कशी सुटली, लग्न कसं झालं. बाईंची एम-८० मी चालवतो. बायका बोलायला लागल्या की मी लांब, गाडीपाशी. पुरुष जवळ असला की बोलत नाहीत. नावं नाहीत, नुसते नंबर. ओळखीचा आवाज निघाला तर टेप बंद करायची आणि बाईंना सांगायचं — तशी माझी सही घेतलीय.

"उसासा, हुंदका, सगळं कंसात लिही संपत," बाई म्हणाल्या. "त्यांचेच हं! तुझे नकोत."

९ फेब्रुवारी

मान आखडली. प्रत्येकीचं तेच. शाळा लांब. धाकटी भावंडं. मग पाहुणे आले. शेवटी तक्ता भरायचा — शाळा सुटण्याचं कारण: गरिबी, अंतर, घरकाम, इतर. बाईमाणसाचं आख्खं आयुष्य, आणि मी एक बरोबरची खूण करतो!

रुपालीचं कारण मला कुणी सांगायला नको. तिचा बाप, म्हस्कूआबा! बारावीतली हुशार पोरगी, दौंडला देऊन मोकळा झाला. तिच्यासाठी मी स्टँडवर तिच्या वर्गातल्या बिरदेवचं डोकं फोडलं होतं. एवढं कोण कुणासाठी करतं?

१४ फेब्रुवारी

बाई एसटीनं एकट्याच दौंडला जाऊन आल्या. तीन कॅसेटी.

१७ फेब्रुवारी

नंबर बावीस. तीच आहे!

"थांबा हं, आठवू द्या" — एसटीत मैत्रिणींशी बोलताना अशीच थांबायची. मी मागच्या सीटवर.

टेप बंद केली. बाईंना सांगायला पाहिजे. नाही सांगणार! पुढं ती माझं नाव घेईल. रडेल. उद्या उरलेली ऐकायची आणि गाडी थेट दौंडला. पेट्रोल टाकलंय.

१८ फेब्रुवारी

ऐकली. जशीच्या तशी उतरवली. इथंही लिहितो.

"येष्टीत एक पोरगा मागं बसायचा. मी कवा बोलले न्हाई त्याच्याशी. वर्गातल्या पोरानं माझी वही मागितली, तर यानं स्टँडवर त्याचं डोकं फोडलं. माझं नाव घेऊन वरडत व्हता वो! त्याच दिवशी आबानं दप्तर माळ्यावर टाकलं. आबा रडला. म्हणला, बाळ, तुझी चूक न्हाई, पण लोकांची तोंडं कशानं बांधू? बारावीचा फॉर्म भरला व्हता, बाई." (उसासा)

"नवरा कसा आहे?"

"बरा हाय. म्हणतो, बस परीक्षेला. पण येष्टीत चढले की अजून आधी मागची शीट बघते मी."

१९ फेब्रुवारी

तक्ता भरला. गरिबी — नाही. अंतर — नाही. घरकाम — नाही. 'इतर'पुढं खूण केली. तपशील: मी. खाली सही.

तक्ता आणि गाडीची किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली. एसटी नको. पायीच घरी जातो. दार ओढून घेतोय.